मालनबाईचे शंभर किलोमीटर

झुंबर साळवे फौजेतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला, देवळाली कॅम्पात घर केलं आणि वर्षाच्या आत लिलावातली एक जुनी फौजी जीप दारात आणून उभी केली. एकट्यानं नव्हे हं. निम्मी त्याची आणि निम्मी मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची. हा सहादू एसटीत ड्रायव्हर होता. एका गाडीचे दोन मालक एक वेळ खपून जातात, पण एक ड्रायव्हर फौजेतला आणि एक एसटीतला म्हटल्यावर त्या गाडीचं काय होत असेल ते तुम्हीच ठरवा.

झुंबरच्या निम्म्यात मालनबाईच्या पगाराचाही भाग होता. ती प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. पण जीप घरात आली तेव्हा तिच्या वाट्याला काय आलं? मागच्या बाकावरची कोपऱ्यातली जागा, मांडीवर स्टोव्ह आणि पायाशी पाण्याचा कॅन. ही १९७७ सालची गोष्ट.

जीप कामाची होती ती वर्षातून एकदाच. एरवी सिन्नरला कुणाचं लग्न, नाशकात कुणी दवाखान्यात, एवढंच. पण दसरा आला की दोन्ही घरं नागपूरला दीक्षाभूमीवर जायची. दोन दिवस जायला, दोन दिवस यायला. निफाड, येवला, वैजापूर करत औरंगाबाद, मग जालना, मेहकर, कारंजा, वर्धा आणि नागपूर. जीपमध्ये दोघे ड्रायव्हर, मालनबाई, सहादूची बायको कलाबाई, झुंबरची आई बयाबाई, दोन्ही घरची मिळून चार पोरं आणि भाकरीचं गाठोडं. गाडी निम्मी निम्मी म्हणून चालवणंही निम्मं निम्मं ठरलं. शंभर किलोमीटर झुंबरचे, शंभर सहादूचे.

आता हे ऐकायला किती सोपं वाटतं. प्रत्यक्षात प्रत्येक शंभर किलोमीटरला एक सोहळा व्हायचा. झुंबरचं म्हणणं, फौजेत गाडी अशी एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात फेकत नाहीत, रीतसर ताबा देतात. त्यामुळे तो जीप रस्त्याच्या कडेला घ्यायचा, खाली उतरायचा, सहादूला खाली उतरवायचा आणि दोघांनी मिळून गाडीभोवती एक फेरी मारायची. चारी टायरना लाथ, ऑइलची काडी बाहेर, काडी आत, रेडिएटरला हात. मग झुंबर ताठ उभा राहून सांगायचा, की गाडी ठीक आहे, पाणी ठीक आहे, ब्रेक जरा उशिरा लागतो. ब्रेक उशिरा लागतो हे सहादूला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, पण ऐकून घ्यावं लागायचं.

हे सगळं इंजिन चालू ठेवून. कारण सेल्फ कधीच मेला होता. एकदा इंजिन बंद केलं की पुढून हँडल घालून फिरवत बसायचं, आणि ते हँडल उलटं फिरून दोघांचीही मनगटं एकेकदा सुजवून गेलं होतं.

फौजेचे एवढे नखरे, तर एसटीचे काय कमी? सहादूला पंधरा वर्षांच्या नोकरीनं एक खोड लागली होती. मागून दोनदा घंटी वाजल्याशिवाय त्याचा पाय क्लचवरून उठायचाच नाही. तो स्टेअरिंगवर बसून रस्त्याकडं बघत राहायचा, आणि झुंबर डाफरायला लागला की कलाबाई मागून पितळी पेला जीपच्या लोखंडी दांडीवर दोनदा आपटायची. टण् टण्. की गाडी सुटली. कलाबाईला तर त्याची इतकी सवय झाली होती, की डुलकीतसुद्धा गिअर पडल्याचा आवाज आला की तिचा हात आपोआप दांडीवर जायचा.

आणि जो चालवत नसेल तो डाव्या बाजूला बसून दुसऱ्याचा जीव खायचा. सहादू चालवत असला की झुंबर समोरच्या पत्र्यावर पाय दाबून नसलेला ब्रेक मारायचा. झुंबर चालवत असला की सहादू जांभया द्यायचा, कारण दाजी तिसाच्या वर काटा जाऊ द्यायचे नाहीत. अर्थात काटा हे आपलं म्हणायचं, कारण मीटरही बंदच होता. शंभर किलोमीटर झाले की नाही ते रस्त्याकडेच्या दगडांवरून ठरायचं, आणि दरवेळी त्यावरून भांडण व्हायचं.

मालनबाई हे सगळं मागून बघायची. बघता बघता तिला गाडी कळायला लागली. सहादू तिसरा गिअर फार लवकर टाकतो, चढाला गाडी कण्हते, हे तिला इंजिनाच्या आवाजावरून समजायचं. आणि एकदा समजायला लागल्यावर गप्प बसवेना. तिला चालवायचं होतं. कशासाठी? कशासाठीच नाही, मनात भरलं होतं म्हणून.

तिनं नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला बघू. भावाला विचारलं, तो हसला. मग बाईनं दोघांचाही नाद सोडला. पंचवटीत मोतीराम म्हणून एक म्हातारा मोटार शिकवायचा. शाळा सुटली की ही बसनं पंचवटीला जायची आणि त्याच्या खटारा फियाटमध्ये बसायची. गल्लीबोळांतून, भाजीवाल्यांच्या पाट्यांमधून, रिक्षांच्या गर्दीतून मोतीरामानं तिला दोन महिने फिरवलं. लोक थांबून बघायचे. एका भाजीवालीनं तर हात जोडून सांगितलं, की बाई, आमच्या पाट्यांवरून तेवढी घालू नका. पण मालनबाई शिकली. १९७९ च्या मे महिन्यात तिच्या हातात लायसन आलं.

ते तिनं झुंबरच्या जेवणाच्या ताटाशेजारी ठेवलं. झुंबरनं डोळ्याजवळ नेऊन नीट पाहिलं, फोटो चांगला आलाय म्हणाला, ओळख पटवायला असला कागद बरा पडतो असंही म्हणाला, आणि आमटी मागितली.

झालं. लायसनचा एवढाच सत्कार. त्यानंतर चार दसरे आले आणि गेले. दर वेळी निघताना मालनबाई लायसन पर्समध्ये घालायची, दर वेळी तसंच परत आणायची. एका वर्षी रस्ता खराब होता, एका वर्षी ट्राफिक होतं, एका वर्षी पोरं लहान होती, आणि चौथ्या वर्षी झुंबरला कारणही सुचलं नाही, तो नुसताच नाही म्हणाला. तिला शंभर नको होते, दहा किलोमीटरही चालले असते. आणि झुंबरच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की तुला येतं. तो माणूस मोटारीतला जाणता होता, फौजेतल्या साहेबांनी त्याची पाठ थोपटली होती. त्यानं म्हटलं तर ते खरं, अशी तिची समजूत होती. कुणाला वेडेपणा वाटेल, वाटू दे.

१९८३ चा दसरा. जालना मागं टाकून जीप सिंदखेडराजाच्या रस्त्याला लागली होती. सकाळचे अकरा वाजले असतील, ऊन चांगलंच तापलं होतं. झुंबर चालवत होता. सहादू म्हणाला, दाजी, तुमचे शंभर झाले, उतरा. झुंबर म्हणाला, ब्याण्णव झालेत. सहादू म्हणाला, शंभरावर आठ झालेत, मघाचा दगड तुम्ही चुकीचा वाचलात. आता झुंबरला कुणी काहीही म्हणावं, पण दगड चुकीचा वाचलात म्हणू नये. तो इतका भडकला की त्यानं जीप कडेला घेतली आणि दोघे खाली उतरले. ताबा नाही, टायरना लाथा नाहीत. चल, दगड दाखव, असं म्हणून दोघे मेहुणे मागचा दगड बघायला रस्त्यानं चालत निघाले. दगड पाव किलोमीटर तरी मागं राहिला होता.

इंजिन चालूच होतं. पुढच्या दोन्ही जागा रिकाम्या. मागं पोरं घामाघूम झालेली. बयाबाई पदरानं वारा घेत म्हणाली, "हे दोघं आता संध्याकाळपतूर दगडच बघत्याल. मालन, तुला येतंय ना? त्या लिंबाखाली सावलीत तरी घे गाडी."

सासूनं सांगितलं, आता काय राहिलं? मालनबाई मागून उतरली, पुढून चढली. सीट लांब होती, तिनं पाठीमागं भाकरीचं गाठोडं घेतलं. क्लच दाबला, पहिला गिअर टाकला. मागं कलाबाई पेंगत होती. गिअरचा आवाज ऐकला आणि तिनं डोळे न उघडता पेला दांडीवर आपटला. टण् टण्.

लिंबाचं झाड आलं. मालनबाईनं ते बघितलं, नाही असं नाही. पण दुसरा गिअर इतका गोड पडला होता, की आता थांबून तो वाया घालवणं तिच्या जिवावर आलं. तिनं तिसरा टाकला. समोर सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं, आणि स्टेअरिंग हातात थरथरतंय. तिला हसू यायला लागलं. पोरं ओरडायला लागली, की आई, मामा राहिले, बाबा राहिले. बयाबाई म्हणाली, राहू दे, चालत्याल थोडं. तेवढ्यात कलाबाई पुरती जागी झाली, पुढं नणंद गाडी चालवतेय हे तिनं पाहिलं आणि दांडी दोन्ही हातांनी धरून बसली.

मालनबाई थांबली ती सतरा किलोमीटरवर, एका फाट्यावरच्या चहाच्या हॉटेलापाशी. तिथं जीप अशी अलगद उभी केली, की हॉटेलवाल्यानं ड्रायव्हरला हाक मारली, साहेब, किती चहा? आणि पदर सावरत खाली उतरलेली बाई बघून गडबडला.

अर्ध्या तासानं कापसाच्या एका ट्रकमधून दोघे मेहुणे उतरले. सहादूच्या केसांत कापूस, मिशीत कापूस. तो आल्याबरोबर सुरू झाला. आक्का, तुला काय अक्कल, एसटीत असं केलं तर सस्पेंड करत्यात. मालनबाईनं त्याला सगळं बोलू दिलं. मग म्हणाली, "माझे सतरा झालेत. उरलेले त्र्याऐंशी मी पुरे करणार. बसायचं त्यानं बसावं, नाहीतर कापसाचा ट्रक आहेच."

सहादूनं तिच्या नवऱ्याकडं पाहिलं, की दाजी, सांगा हिला काही. आणि झुंबर, जो मघाशी एका दगडासाठी पाव किलोमीटर चालत गेला होता, तो एक शब्द बोलला नाही. गुपचूप डाव्या बाजूला जाऊन बसला. मालनबाईला वाटलं, आपण जिंकलो. पण तो इतका गप्प होता की जिंकल्याचं सुख काही होईना.

मेहकरच्या अलीकडं गाडी तापली. रस्त्याकडेला विहीर होती. मालनबाई कॅन घेऊन गेली, तिच्या मागोमाग झुंबर. पोहरा विहिरीत सोडताना तो खाली बघतच म्हणाला,

"सहादूचं बरोबर होतं. तो दगड मी चुकीचाच वाचला. जवळ उभं राहून बघितला, तरी आकडा लागला नाही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्याला लांबचं धूसर. नाशकात डोळ्याच्या डॉक्टरकडं तो मागच्या वर्षीच एकटा जाऊन आला होता. डॉक्टरांनी थेंब दिले आणि गाडी सोडा म्हणून बजावलं. थेंब तो घरामागं जाऊन घालत होता, गाडी मात्र सुटली नव्हती.

मालनबाईनं पोहऱ्याचा दोर त्याच्या हातातून ओढून घेतला. दया वगैरे नंतर, आधी संताप आला. मागं चार पोरं बसतात, तुमची आई बसते, मी बसते, आणि तुम्ही वर्षभर आम्हाला असं नेत होता? ती इतकी बोलली की विहिरीत आवाज घुमला. झुंबरनं सगळं ऐकून घेतलं. मी हळू चालवतो, एवढंच म्हणाला, आणि त्यावर आणखी बोलणी खाल्ली. शेवटी म्हणाला, "सहादूला सांगू नको. गाडी चालवण्यापलीकडं मला काय येतं? त्याच्यापुढं आंधळा म्हणून नाही बसायचं मला."

मालनबाईनं पोहरा वर ओढला, कॅन भरला, झाकण लावलं. मग आपली अट सांगितली. आजपासून एक किलोमीटरही नाही. स्टेअरिंगला हात लावायचा नाही. सहादूला काय सांगायचं ते ती बघेल.

आणि तिनं काय सांगितलं? सरळ सांगितलं, की आमच्या निम्म्यातले शंभर आता माझे, ह्यांनी आयुष्यभर चालवलं, आता मला हौस करायचीय. सहादू आ वासून बघत राहिला. दाजी बायकोपुढं एवढे मऊ असतील असं त्याला वाटलं नव्हतं. तो दिवसभर कुचकं बोलत राहिला आणि झुंबर मान खाली घालून ऐकत राहिला.

तिथून पुढं तीन वर्षं मालनबाईनं चालवलं. नागपूरला शंभर सहादूचे, शंभर तिचे. सिन्नर, भगूर, नाशिक, जिथं सहादू नसेल तिथं सगळे तिचेच. आणि कॅम्पात, सिन्नरात, नातेवाइकांत तिचं नाव झालं. कसलं नाव? नवऱ्याच्या हातातलं स्टेअरिंग हिसकावून घेतलेली बाई. अहो, फौजेतला ड्रायव्हर, त्याला बाजूला बसवून ही मिरवते. शाळेतल्या बाया विचारायच्या, साळवेबाई, मिस्टरांना एखादवेळी तरी देता की नाही? ज्या सासूनं पहिल्यांदा सावलीत घे म्हटलं, तीच बयाबाई आता शेजारपाजारी सांगायची, की माझ्या लेकाला ती गाडीला शिवू देत नाय. मालनबाई हसून म्हणायची, मला हौसच फार. ते खोटं नव्हतं, आणि तेच तिला जास्त लागायचं. हौस तर होतीच. पण हौस म्हणून मागितलेले दहा किलोमीटर आणि हे, यात फरक होता, आणि तो कुणाला सांगायची सोय नव्हती.

बरं, झुंबर तरी गोड बोलावा? छे. तो डाव्या बाजूला बसून कानांनी गाडी चालवायचा. गिअर उशिरा पडला. क्लचवर पाय ठेवू नको. वळणाआधी हॉर्न कुठं गेला? डोळे गेले तसे त्याचे कान इतके तिखट झाले की गाडीतला एक नटही त्याच्या परवानगीशिवाय वाजेना. तीन वर्षांत बरं चालवलंस असं त्याच्या तोंडून एकदाही निघालं नाही. मालनबाईनं वाट बघणंही सोडून दिलं होतं, निदान तिला तसं वाटत होतं.

१९८६ च्या उन्हाळ्यात सिन्नरला सहादूच्या थोरल्या मुलीचं लग्न लागलं. मालनबाई मांडवाच्या दारापर्यंत जीप घेऊन आली, झुंबरला हाताला धरून उतरवलं. गर्दीत हात धरला तर काय, बायको धरते म्हणून लोक हसले. दुपारी पंगत बसली. मालनबाई आणि सहादूची धोंडाबाई म्हणून एक मावशी होती, वय ऐंशीच्या घरात आणि आवाज विशीतला. तिनं भर पंगतीत मालनबाईला धारेवर धरलं. आम्ही बी संसार केले, पण असं नाय केलं. नवऱ्याला सामानासारखं बाजूला घालून गावभर फिरतीस, त्या बिचाऱ्याचं तोंड बघ कसं झालंय. निदान घरी जाताना तरी दे त्याच्या हातात गाडी. सहादूनं हसत हसत मावशीला दुजोरा दिला. कलाबाई वाढता वाढता थांबली. सगळी पंगत मालनबाईकडं बघायला लागली.

मालनबाई नेहमीचं हसू तोंडावर आणून म्हणणार होती, की मावशी, मला हौसच फार. तिनं तोंड उघडलंही होतं.

पण झुंबरनं हातातली भाकरी ताटात ठेवली.

"मावशी, मला दिसत नाही," तो म्हणाला. "एक डोळा गेलाय, दुसरा चाललाय. मीच तिला सांगितलं होतं, कुणाला बोलू नको म्हणून. तीन वर्षं माझ्या वाटची बोलणी ती खातेय."

सहादूचा चेहरा उतरला. झुंबरला ते दिसत नव्हतं, तो आपला मावशीच्या आवाजाच्या दिशेनं बघत होता. मग सहज, ऑइल ठीक आहे म्हणून सांगावं तसं म्हणाला,

"आणि चालवते माझ्यापेक्षा बरी. फौजेत असती तर माझी गाडी हिला दिली असती."

पहिलं सगळं मालनबाईला माहीत होतं. हे शेवटचं मात्र ती आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. तिनं हातातला घास ताटात ठेवला. हात धुऊन येते म्हणून ती पंगतीतून उठली, मांडवाबाहेर आली आणि जीपच्या बॉनेटवर उष्टा हात ठेवून, आल्यागेल्याची पर्वा न करता, मोठ्यानं रडत उभी राहिली.